थम्स अप पार्ल्याचं होतं, म्हणजे नेमकं काय पार्ल्याचं होतं?

पार्ले-जी, फ्रूटी, बिस्लेरी आणि थम्स अप या चौघांचा एकाच घराण्याशी संबंध आहे, हे बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पण पुढचा प्रश्न आला की गोंधळ सुरू होतो. फ्रूटीवाले आणि बिस्किटवाले एकच का? बिस्लेरी टाटांनी घेतली ना? आणि थम्स अप कोकचं असेल तर ते "आपलं" कसं?

सध्या हे प्रश्न जास्त ऐकू येतात, कारण पेयांचं कपाट हलू लागलं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले, बाटलीबंद पाणी आणि आंब्याचं पेय 5 टक्क्यांवर आलं आणि फसफसणारी पेयं 40 टक्क्यांच्या टप्प्यात गेली. त्यातच विस्मरणात गेलेली कँपा, म्हणजे एक जुना देशी कोला, 10 रुपयांत परत आली. माझ्या भाच्याने परवा सरळ विचारलं, "चव तीच आहे, नाव तेच आहे, बाटलीपण तशीच. मग 1993 मध्ये पार्ल्याने कोका-कोलाला विकलं ते काय?"

पोराचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा होता. शीतपेयाची कंपनी म्हणजे काय हे एकदा समजलं की बाकीच्या गाठी आपोआप सुटतात.

बाटलीत काय असतं

कोणत्याही कोल्ड्रिंकमध्ये सगळ्यात जास्त असतं ते पाणी, त्याखालोखाल साखर. साधारण 250 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅमच्या वरच साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. थंड पाण्यात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड मिसळला की सोडा होतो. झाकण उघडताच दाब सुटतो आणि फस्स आवाज येतो. कोलाला आंबटपणा फॉस्फरिक आम्लाने येतो, लिंबाच्या पेयाला सायट्रिक आम्लाने. कोलाचा काळपट रंग जाळलेल्या साखरेसारख्या कॅरॅमलचा असतो. कोलात थोडं कॅफीनही असतं.

मग उरतं काय? चव आणि वास. त्यांचा वाटा चिमूटभर असतो, पण ओळख सगळी त्यातच. या घट्ट अर्काला कॉन्सन्ट्रेट म्हणतात. मी पुढे त्याला "मसाला" म्हणणार आहे, कारण तो कामच मसाल्याचं करतो.

मसाला, नाव आणि खानावळ

समजा, एका काकूंच्या हातच्या गोड्या मसाल्याची ख्याती गावभर आहे. काकू स्वतः खानावळ चालवत नाहीत. त्या मसाला कुटतात आणि तालुक्यातल्या पाच खानावळवाल्यांना देतात. अट एवढीच, की मसाला आमच्याकडूनच घ्यायचा, आमटी आम्ही सांगू तशीच करायची आणि पाटीवर आमचं नाव लावायचं. डाळ, गॅस, भांडी, आचारी, जागेचं भाडं हा सगळा खर्च खानावळवाल्याचा. त्या बदल्यात त्याच्या पेठेत काकूंच्या नावाची दुसरी खानावळ निघणार नाही, असा शब्द काकू देतात.

शीतपेयाचा धंदा जगभर बहुतांशी असाच चालतो. काकूंच्या जागी मूळ कंपनी, खानावळवाल्याच्या जागी बॉटलर. बॉटलर म्हणजे ठरावीक हद्दीत पेय तयार करून, बाटलीत भरून, दुकानापर्यंत पोचवणारा स्वतंत्र कारखानदार. साखर तो घेतो, पाणी तो शुद्ध करतो, यंत्रं त्याची, ट्रक त्याचे आणि काचेच्या बाटल्याही त्याच्याच.

म्हणजे एका पेयाच्या मागे तीन मालमत्ता उभ्या असतात: मसाला, नाव आणि खानावळ. पहिल्या दोन काकूंच्या. तिसरी काकूंची नसते, आणि काकूंना खरी धास्ती त्या तिसरीचीच असते.

काचेची बाटली कोणाची?

हे मला पहिल्यांदा कळलं ते मामांच्या दुकानात. मनमाडच्या पुढे, एसटी स्टँडासमोर त्यांचं छोटं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे असायचो. जस्ती पत्र्याच्या पेटीत बर्फाची लादी फोडून टाकायची, वर गोणपाट आणि त्याखाली बाटल्या मानेपर्यंत बुडवलेल्या. गाडी लागली की दहा-पंधरा बाटल्या एकदम निघायच्या. ओपनरने उडालेले बिल्ले आम्ही पोरं गोळा करायचो.

मामा मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत असायचे. बाटली परत ठेवली का? एसटीच्या खिडकीतून बाटली आत गेली तर पळत जाऊन परत आणायचं काम माझ्याकडे होतं. एका क्रेटमध्ये चोवीस बाटल्या. सकाळी गाडी आली की भरलेले क्रेट उतरवण्याआधी रिकामे क्रेट मोजले जायचे, आणि चोवीसमध्ये तेवीस निघाल्या की अनामतीतून पैसे कापले जायचे. एका बाटलीमागे मामांना सुटायचे ते पैसे, आणि एक बाटली फुटली की जायचे ते रुपये. "पेय कंपनीचं, काच शेटजीची, फुटली तर आपली," असं ते म्हणायचे. शेटजी म्हणजे जिल्ह्याचा बॉटलर.

मामांच्या त्या एका वाक्यात हा धंदा मावतो. काचेची बाटली कारखान्यात परत जाते, गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतली जाते, उजेडासमोर धरून तपासली जाते, पुन्हा भरली जाते. तिच्या अनेक फेऱ्या झाल्या तरच तिची किंमत वसूल होते. म्हणून एका जिल्ह्यात पेय विकायचं तर लाखो बाटल्या, हजारो क्रेट आणि ट्रकांचा ताफा यात आधी पैसा अडकवावा लागतो. नव्या माणसाला चव तयार करणं एक वेळ जमेल, पण हे जाळं रातोरात उभं राहत नाही.

विलेपार्ल्याचं घराणं

मोहनलाल दयाल चौहान मूळचे आजच्या वलसाड जिल्ह्याकडचे. मुंबईत येऊन त्यांनी शिवणकाम, रेशमाचा व्यापार असे धंदे केले. स्वदेशीचं वारं होतं आणि गोळ्या-चॉकलेटं मात्र विलायतेहून यायची. मोहनलाल जर्मनीला जाऊन गोळ्या बनवायची कला शिकून आले, यंत्रं आणली आणि 1929 मध्ये विलेपार्ल्यात कारखाना सुरू केला. गावाचंच नाव धंद्याला लागलं. दहा वर्षांनी ग्लुकोजची बिस्किटं आली, ज्यांना आपण पुढे पार्ले-जी म्हणू लागलो. पार्ल्याच्या पूर्वेला राहिलेल्या माणसाला विचारा, स्टेशनवर उतरताना येणारा तो भाजलेल्या बिस्किटांचा वास अजून नाकात असेल. 2016 मध्ये तो कारखाना बंद झाला.

मोहनलालांना पाच मुलगे. त्यातले सर्वांत धाकटे जयंतीलाल पेयांच्या धंद्यात उतरले. 1952 मध्ये संत्र्याचं गोल्ड स्पॉट आलं, आणि ते एवढं रुजलं की साखरपुड्याला पाहुण्यांच्या हातात सरबताऐवजी गोल्ड स्पॉट देणं हे घरच्या ऐपतीचं लक्षण झालं. सत्तरच्या दशकात लिंबाची लिम्का आली. जयंतीलालांचे मुलगे रमेश आणि प्रकाश यांनी हा कारभार पुढे नेला. रमेश चौहान अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेले.

एक गोष्ट जरा वाट वाकडी करून सांगतो, कारण तिचं महत्त्व पुढे कळेल. 1969 मध्ये चौहानांनी बिस्लेरी नावाचा इटालियन मूळ असलेला पाण्याचा धंदा 4 लाख रुपयांत घेतला. ठाण्याला त्याचा कारखाना होता. चौहानांचा डोळा पाण्यावर नव्हता, सोड्यावर होता. उंची हॉटेलांत सोड्याला एक वजनदार नाव हवं होतं, ते मिळालं. पाणी बाटलीतून विकत घेऊन पिणारा माणूस तेव्हा भारतात शोधावाच लागला असता.

पुढे घराण्याच्या शाखा वेगळ्या झाल्या. बिस्किटांचं पार्ले प्रॉडक्ट्स चुलत्यांच्या घरांकडे. 1985 मध्ये कागदी खोक्यातली फ्रूटी आणणारं पार्ले अॅग्रो प्रकाश चौहानांच्या शाखेकडे. बिस्लेरी रमेश चौहानांकडे. आडनाव एक, मूळ एक, पण आज या तीन वेगळ्या कंपन्या आहेत. आणि बिस्लेरी टाटांनी घेतलेली नाही. 2022 च्या शेवटी बोलणी सुरू झाली होती, पण मार्च 2023 मध्ये ती थांबली.

1977: कोक गेलं, कारखाने राहिले

कोका-कोला भारतात 1950 पासून होतं. 1973 मध्ये परकीय चलन नियमन कायदा आला, ज्याला सगळे फेरा म्हणतात. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा, की परदेशी कंपनीला इथे धंदा करायचा असेल तर अनेक क्षेत्रांत मालकी 40 टक्क्यांवर आणावी आणि उरलेली भारतीयांना द्यावी. 1977 मध्ये जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि अंमलबजावणी कडक झाली. मालकी विकली असती तर मसाल्याचं गुपितही भागीदारांच्या घरात गेलं असतं. कोकने देश सोडणं पसंत केलं.

पण गेलं काय? मसाला गेला, नाव गेलं. कारखाने, धुण्याची यंत्रं, ट्रक, दुकानदारांच्या ओळखी, सगळं इथेच राहिलं, कारण ते कोकचं नव्हतंच. दिल्लीचं प्युअर ड्रिंक्स हे कोकचं मोठं बॉटलर. त्यांच्याकडे खानावळ तयार होती, आमटीचा मसाला तेवढा संपला होता. त्यांनी स्वतःचा मसाला तयार केला आणि त्याला कँपा कोला नाव दिलं.

सरकारनेही एक कोला काढला होता. 1977 सालावरून त्याचं नाव डबल सेव्हन. चव म्हैसूरच्या सरकारी अन्न संशोधन संस्थेने तयार केली आणि विकायची जबाबदारी मॉडर्न ब्रेड बनवणाऱ्या सरकारी कंपनीवर टाकली. त्याच्यामागे शास्त्रज्ञ होते, सरकार होतं, वर्तमानपत्रांत गाजावाजाही झाला. तरी ते टिकलं नाही. ब्रेडची गाडी रोज सकाळी पाव टाकून जाते, तिला रिकाम्या बाटल्या मोजून परत आणायची सवय नसते. चवीलाही लोकांनी फारशी दाद दिली नाही.

त्याच वर्षी पार्ल्याने थम्स अप काढलं. इंग्रजीतल्या "थम्ब"मधला बी मुद्दाम गाळून. ते कोकपेक्षा तिखट आणि जास्त झणझणीत होतं, मसालेदार भजी-वड्यांबरोबरही त्याची चव हरवायची नाही. ही चव भारतीय जिभेला मानवली. मनमाडजवळ हडबीची शेंडी नावाचा सुळका आहे, अंगठा वर केल्यासारखा. गाडीत बसलेली माणसं आजही त्याला थम्स अपचा डोंगर म्हणतात. पेयाचं नाव डोंगराला लागणं, एवढी ती चव लोकांत मुरली.

पुढची पंधरा वर्षं बाजार जवळजवळ देशी घराण्यांचाच होता. नव्वदीच्या सुरुवातीला देशातल्या फसफसणाऱ्या पेयांत निम्म्याहून बराच मोठा वाटा एकट्या पार्ल्याचा होता.

मग विकलं का?

1990 मध्ये पेप्सी आली, सुरुवातीला "लेहर पेप्सी" या नावाने. 1991 मध्ये आर्थिक धोरण बदललं. कोक परत येणार हे दिसू लागलं. पार्ले आधी लढलं. पेप्सी 250 मिलीची तर थम्स अपने 300 मिलीची बाटली आणली आणि तिला "महाकोला" म्हटलं. चव होती, नाव होतं, गिऱ्हाईक होतं.

पण पार्ल्याचे साठच्या आसपास बॉटलर होते, आणि त्यातले स्वतः घराण्याच्या मालकीचे अगदी मोजके. बाकीचे सगळे "शेटजी".

त्या शेटजीच्या जागी बसून बघा. तुमच्या कारखान्यात थम्स अप भरलं जातं, बरं चाललं आहे. दारात पेप्सीचा माणूस येतो. जास्त वेगाची यंत्रं, जाहिरातीचा अफाट खर्च, नव्या ट्रकांसाठी मदत असं काय काय बोलतो. पाठोपाठ कोकचा माणूस. आता नाही म्हटलंत तर उद्या शेजारच्या शहरात नवा कारखाना उभा राहणार आणि तुमच्या काचेला कोणी विचारणार नाही. घराण्याशी वीस वर्षांचे संबंध आहेत, पण बँकेचं कर्जही आहे.

बॉटलर गेला की त्या जिल्ह्यातून पेय गायब होतं. मसाल्याचा डबा मुंबईत जागच्या जागी असतो, नाव लोकांच्या तोंडी असतं, आणि एसटी स्टँडावरच्या पेटीत मात्र दुसऱ्याची बाटली. आपले बॉटलर पेप्सी ओढून नेत होती, हे रमेश चौहानांनी पुढे मुलाखतींत उघडपणे सांगितलं आहे. जाळं शाबूत आहे तोवरच त्याला किंमत होती. एक-एक दोरा तुटू लागल्यावर ते विकायला काढलं असतं तर भाव वेगळाच आला असता.

1993 मध्ये थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, लिंबाचं सिट्रा आणि आंब्याचं "माझा" हे ब्रँड कोका-कोलाकडे गेले. रक्कम साधारण 6 कोटी डॉलर सांगितली जाते, तेव्हाच्या भावाने 200 कोटी रुपयांच्या आतली. त्याच ऑक्टोबरात कोक आग्र्यातून भारतात परत उतरलं, आणि उतरलं तेव्हा त्याच्या पाठीशी पार्ल्याची सगळी खानावळ होती. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच: कागदावर मसाला आणि नाव विकलं गेलं, पण कोकने पैसे मोजले ते मुख्यतः त्या साठ शेटजींपर्यंत पोचण्यासाठी.

"पण फॉर्म्युला गुप्त असतो, खरी किंमत त्याचीच ना?"

गुपिताची कथा जाहिरातीला फार उपयोगी पडते, पण धंद्यात तिचं वजन मर्यादित आहे. चांगला चवतज्ज्ञ जवळ जाणारा कोला तयार करू शकतो. डबल सेव्हनने ते केलं, कँपाने केलं, थम्स अपने तर वेगळीच आणि जास्त आवडलेली चव तयार केली. फॉर्म्युला जपतात तो मुख्यतः बॉटलरसाठी: त्याने मसाला आपल्याकडूनच घ्यावा, घरी कुटू नये. काकूंनी कृती उघड केली तर खानावळवाल्याला काकूंची गरज उरत नाही.

"कोकने थम्स अप मारून टाकायलाच घेतलं होतं ना?"

यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. सुरुवातीच्या वर्षांत कोकने आपल्या लाल बाटलीवर भर दिला आणि थम्स अपची जाहिरात आखडती घेतली. घडलं उलटंच. थम्स अप पिणारा माणूस कोककडे वळेलच असं नव्हतं, आणि पेप्सीला मोकळं रान मिळू लागलं. मग थम्स अपला पुन्हा बळ दिलं गेलं. 2021 मध्ये भारतात त्याची वर्षाची विक्री 100 कोटी डॉलरपार गेली, असं कोकच्या प्रमुखांनी नंतर जाहीर केलं.

गोल्ड स्पॉटच्या नशिबात हे नव्हतं. कोकजवळ फँटा होता, एका घरात दोन संत्री कशाला, म्हणून ते हळूहळू बंद झालं. सिट्राची जागा स्प्राइटने घेतली. मला याचं मनापासून वाईट वाटतं. चव ही आठवणींची वस्तू असते, आणि ती कोणाच्या तरी हिशेबाच्या वहीत ओळ मारून संपावी हे पटत नाही. पण ब्रँड विकण्याचा अर्थ हाही असतो: नवा मालक ते वाढवू शकतो आणि पुरूही शकतो.

"मग घराण्याने फारच स्वस्तात दिलं म्हणायचं?"

पाच ब्रँडचे 6 कोटी डॉलर, आणि आज त्यातल्या एकाची वर्षाची विक्री 100 कोटी डॉलर. आकडे शेजारी ठेवले की पोटात कालवतं. पण तुलना करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. विक्री म्हणजे नफा नव्हे, आणि मधल्या जवळपास तीस वर्षांत कोकने ओतलेला पैसा त्या दुसऱ्या आकड्यात आहे. 1993 मध्ये चौहानांसमोर "आज विकू की तीस वर्षांनी" असा पर्याय नव्हता. आज विकायचं की बॉटलर गळताना बघत बसायचं, एवढाच पर्याय होता. माझं स्वतःचं मत असं, की निर्णय बरोबर होता, भाव थोडा ताणता आला असता.

आणि घराणं संपलं का? नाही. रमेश चौहानांच्या हाती ते दुर्लक्षित पाणी उरलं होतं, 4 लाखांचं. प्लॅस्टिकची बाटली आली, काच धुवायची आणि परत आणायची कटकट गेली, आणि सोड्यासाठी घेतलेली बिस्लेरी पाण्यासाठी घरोघरी पोचली. आज स्टँडावर दुसऱ्याच कंपनीची बाटली घेतानाही माणूस "एक बिस्लेरी द्या" म्हणतो. पाण्याला मसाला लागत नाही, शर्यत नाव आणि पोचवणं या दोनच गोष्टींची. जाळं आपल्या ताब्यात असावं, हा 1993 चा धडा तिथे कामी आला.

बाकीच्या घराण्यांचं काय झालं

मुंबईत पांडोळे घराण्याचं ड्यूक्स होतं, 1889 पासूनचं. चेंबूरला कारखाना, मँगोला हे त्यांचं लाडकं आंब्याचं पेय. 1994 मध्ये, म्हणजे पार्ल्याच्या पुढच्याच वर्षी, ते पेप्सीकडे गेलं. सुरतेच्या हजुरी घराण्याचं सोस्यो 1923 पासून तग धरून होतं. 2023 मध्ये त्यात निम्मा वाटा रिलायन्सने घेतला. तमिळनाडूत 1916 पासूनचं काळीमार्क घराणं मात्र आपलं बोवोंटो अजून विकतं. ते देशभर पसरायला गेले नाहीत. जिथे आपली गाडी रोज पोचते तिथेच विकलं, आणि त्या भागात लोकांनी त्यांना सोडलं नाही.

कँपा 10 रुपयांत कशी परवडते?

रिलायन्सने 2022 मध्ये कँपाचं नाव सुमारे 22 कोटी रुपयांत घेतलं आणि 2023 मध्ये ती बाजारात आणली. एकेकाळी पार्ल्याशी टक्कर देणाऱ्या नावाची ही किंमत बघा. 22 कोटींत फक्त नाव मिळालं, कारण खानावळ त्यामागे उरलेली नव्हती.

200 मिलीची बाटली 10 रुपयांत देता येते, कारण खेळाचे नियम बदलले आहेत. प्लॅस्टिकच्या बाटलीला अनामत नाही, परत आणणं नाही, फुटणं नाही. मामांच्या काळात नव्या माणसाला रोखणारी सगळ्यात मोठी भिंत काचेची होती, ती पडली. त्यात रिलायन्सकडे स्वतःची दुकानं आहेत, आणि बाहेरच्या दुकानदाराला ते एका बाटलीमागे जास्त सोडतात. सुरुवातीचा तोटा सोसायची ताकद आहे. नव्वदीच्या सुरुवातीला पेप्सी आणि कोक ज्या बळावर पार्ल्यापुढे उभे राहिले, तेच बळ आज कोणीतरी त्यांच्यापुढे वापरतं आहे.

तरी एक भिंत उरली आहे, ती म्हणजे फ्रीज. दुकानातला काचेच्या दाराचा फ्रीज बहुतेक वेळा कंपनीने दिलेला असतो, आणि त्यात त्याच कंपनीचा माल ठेवावा अशी अट असते. कोमट कोल्ड्रिंक कोणी घेत नाही. म्हणून आता भांडण बाटलीवरून सरकून फ्रीजच्या कप्प्यावर आलं आहे.

40 टक्के कराने थम्स अप महागलं का?

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. आधी या पेयांवर 28 टक्के जीएसटी आणि वर 12 टक्के उपकर होता, बेरीज 40. आता उपकर काढून थेट 40 टक्के केला. नाव बदललं, बोजा तोच राहिला.

खरा फरक पलीकडच्या कप्प्यात पडला. पाण्याची बाटली 18 वरून 5 टक्क्यांवर आली. फळाच्या गराची पेयं 12 वरून 5 वर, पण त्यात बुडबुडे असतील तर तीही 40 मध्ये. चौहानांच्या वाटणीकडे या नजरेतून पाहा. 1993 मध्ये मुख्यतः जे फसफसणारं विकलं ते आज 40 टक्क्यांच्या ओझ्याखाली आहे, आणि घरात उरलेलं पाणी नि फ्रूटी 5 टक्क्यांत. हे कोणी तेव्हा ओळखलं होतं असं मी म्हणणार नाही. पण सरकार साखर-सोड्याला चैन मानतं आणि पाण्याला गरज, हा भेद धंद्याच्या भवितव्यावर आता थेट उमटतो आहे.

आज खानावळ कोणाकडे आहे

1997 नंतर कोकने भारतातले अनेक बॉटलर विकत घेऊन हिंदुस्तान कोका-कोला बेव्हरेजेस ही स्वतःची कंपनी उभी केली. म्हणजे काकूंनी खानावळीही घेतल्या. पण भांडी-गाड्यांत पैसा फार अडकतो. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी त्या बॉटलिंग व्यवसायातला 40 टक्के वाटा जुबिलंट भरतिया समूहाला द्यायचं जाहीर केलं. काकू पुन्हा मसाल्याकडे वळल्या. पेप्सीने तर हे आधीच केलं आहे: भारतातली तिची बहुतांश पेयं रवी जयपुरिया यांची वरुण बेव्हरेजेस भरते.

भाच्याला हे सगळं सांगून झाल्यावर त्याने समोरची थम्स अपची बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचायला घेतला. त्यात ट्रेडमार्कच्या मालकाचं नाव एक होतं आणि भरणाऱ्या कारखान्याचं नाव-पत्ता वेगळा. मग त्याने फ्रूटीचं खोकं उचललं, मग पाण्याची बाटली, आणि प्रत्येकावर ती दोन नावं शोधत बसला.